रानफुलं अमूर्तात: फूल ठेवायचं की जंगल?

रानजाई

बरेच दिवस इथे वाचनमात्र होते. आज धागा काढतेय, कारण एका जागी अडलेय आणि एकटीने डोकं चालवून सुटत नाहीये.

विषय असा: झाडांच्या सावलीत वाढणारी रानफुलं अमूर्त शैलीत कशी आणायची? बागेतली नाहीत, फुलदाणीतली तर नाहीतच. बागेतलं फूल समोर येऊन उभं राहतं. जंगलातलं बहुतेक वेळा घोट्याच्या उंचीवर असतं, अर्धवट उजेडात, पाचोळ्यातून वर आलेलं, आणि एकटं क्वचितच. रंगवायला घेतलं की दोनातलं एक होतं. पाकळ्यांचे आकार ठेवले तर कॅनव्हास पडद्याच्या कापडासारखा दिसायला लागतो. आकार सोडले तर हिरवा-जांभळा राडा उरतो, आणि ते जंगल आहे हे फक्त मला ठाऊक असतं.

मोठ्या लोकांनी काय केलं ते बघत बसले. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओ'कीफने १९३० साली जॅक-इन-द-पल्पिट या झाडाची सहा चित्रं केली, त्यातली पाच वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. हे उत्तर अमेरिकेतल्या ओलसर जंगलातलं कंदाचं झाड, आपला सापकांदा ज्या अरिसिमा प्रजातीतला त्याच प्रजातीतलं. वर फणा काढल्यासारखी वळलेली पट्टेदार टोपी आणि आत उभा दांडा. मालिकेच्या सुरुवातीला टोपी, पट्टे, पानं सगळं ओळखू येतं. मग बाई आत आत शिरत जातात. सहाव्या चित्रात टोपी गेली, पट्टे गेले, उरला फक्त काळपट दांडा आणि त्याच्या कडेने पांढुरकी प्रभा.

चित्र जबरदस्तच आहे. पण जंगल कुठाय? ते सहाव्या चित्रात हरवलं असं नाही, सुरुवातीपासूनच नव्हतं. म्हणून विचारते: फूल आणि जंगल दोन्ही एका अमूर्त चित्रात राहतात का? की एकाला सोडावंच लागतं?

तैलरंगी

छान धागा. या विभागात फ्रेमिंगच्या भावापलीकडे काहीतरी आलं म्हणायचं.

ओ'कीफचा रस्ता आत शिरण्याचा. दुसरा रस्ता अमूर्त चित्रकार जोन मिचेलचा. तिची 'ला ग्रांद वाले' ही १९८३-८४ मधली एकवीस चित्रांची मालिका बघा. मैत्रिणीने लहानपणीच्या एका दरीबद्दल सांगितलं, त्यावरून ही चित्रं झाली. मिचेल स्वतः त्या दरीत कधी गेली नव्हती! चित्रांत क्षितिज जवळपास नाहीच, कॅनव्हास कडेपर्यंत फटकाऱ्यांनी भरलेला. बोट ठेवून 'हे फूल' असं एकही दाखवता येत नाही, तरी तिथे काहीतरी भरभरून फुललंय याबद्दल शंका राहत नाही.

म्हणजे तुमच्याच भाषेत, ओ'कीफने फूल ठेवलं आणि जागा सोडली, मिचेलने जागा ठेवली आणि फूल सोडलं. दोघीही दोन्ही सांभाळायच्या भानगडीत पडल्या नाहीत. तुम्हीही पडू नका असं माझं मत.

चिवट

शीर्षक झाकून बघा आणि मग बोला. मिचेलच्या चित्राखाली 'बाजारपेठ' लिहिलं असतं तर इथल्या मंडळींना त्यात गर्दी आणि छत्र्या दिसल्या असत्या. जे चित्र नावाच्या कुबडीशिवाय उभं राहत नाही त्यात जंगल आहे की नाही ही चर्चाच फोल.

पानगळ

वाचतोय. वाचनखूण साठवली.

फांदी

मी चित्रकार नाही, वनस्पतीशास्त्र शिकवते. त्यामुळे उलट बाजूने बोलते, चालेल ना?

रानजाई, पडद्याचं कापड का होतं याचं उत्तर माझ्या मते शैलीत नाही, फुलांच्या वाटपात आहे. तुम्ही फुलं साधारण सारख्या अंतरावर टाकत असणार. माणसाचा हात सोडला तर तेच करतो, मोकळी जागा दिसली की भरतो. जंगलात तसं कधी नसतं.

युरोपातल्या जंगलातलं वूड ॲनिमोन घ्या. पांढरं, सहा-सात पाकळ्यांसारखे अवयव, वीतभर उंची. हे मुख्यतः जमिनीखालच्या आडव्या खोडाने पसरतं आणि इतकं सावकाश की शंभर वर्षांत जेमतेम दोन मीटर. त्यामुळे त्याचे ठिगळ पडतात. ठिगळाच्या आत दाटी, बाहेर काहीच नाही. ट्रिलियम या तीन पाकळ्यांच्या रानफुलाची तऱ्हा वेगळी. त्याच्या बीला एक तेलकट गर चिकटलेला असतो. मुंग्या त्या गरासाठी बी वारुळात ओढून नेतात, गर खातात आणि बी तिथेच टाकतात. म्हणून रोपं घोळक्याने उगवतात, आणि एखादंच लांब कुठेतरी पडतं. त्या लांबच्या एकट्याला पहिलं फूल यायला सात वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात.

आणि हे सगळं घाईत चाललेलं असतं. पानझडी जंगलात वसंतातली बरीचशी फुलं वरच्या झाडांना पालवी फुटायच्या आत उरकून घेतात, कारण एकदा छत मिटलं की जमिनीवर ऊन पोचत नाही. फुलाचा आकार, उंची, वेळ, गर्दी, सगळं वरच्या झाडांनी ठरवलेलं असतं. तेव्हा 'फूल की जंगल' हा प्रश्नच मला पटत नाही. जंगल त्या फुलांमधल्या अंतरात आहे. अंतरं खरी ठेवा, मग पाकळी ठेवा नाहीतर ठिपका ठेवा, जंगल येतंच.

रानजाई

फांदी, हे वाचून तशीच उठले आणि जुनी चित्रं भिंतीला टेकवून पाहिली. मोकळी जागा दिसली की भरलेली आहे, शब्दशः. रिकामं काहीच नाही.

पण मग दाट पसरलेल्या ब्लूबेलचं, म्हणजे त्या निळ्या घंटांसारख्या फुलांचं काय? तिथे तर सगळीकडे फुलंच.

फांदी

तिथेही भोकं असतात. मोठ्या बुंध्यांच्या पायथ्याशी, पायवाटेवर, दाट सावलीच्या झुडपाखाली. शिवाय ब्लूबेलला दिशा असते. इंग्लिश ब्लूबेलचा तुरा टोकाला वाकतो आणि घंटा बहुतेक एकाच बाजूला लटकतात. बागेतून पळालेला स्पॅनिश ब्लूबेल ताठ उभा राहतो, त्याच्या घंटा देठाच्या चहूबाजूंना. चित्रकाराच्या दृष्टीने या दोन वेगळ्याच गोष्टी ना? एका पसऱ्याला झुकाव आहे, दुसऱ्याला नाही. घंटा न काढता नुसता झुकाव काढून बघा.

ओलाकागद

फांदींनी जागेचं सांगितलं, मी उजेडाचं सांगतो. जलरंगवाला आहे, त्यामुळे पांढऱ्यावर माझं विशेष प्रेम.

सावलीतलं पांढरं फूल पांढरं नसतं. डोकं म्हणतं पांढरं, पण पानांतून गाळून आलेल्या उजेडात ते हिरवट-राखाडी असतं, आणि आजूबाजूला गडद हिरवं असल्यामुळे कडेला चक्क गुलाबी झाक भासते. शेजारचा रंग आपला रंग बदलतो हे शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३९ साली नीट मांडून ठेवलंय. तो गोब्लँच्या गालिचा-कारखान्यात रंगाईचं काम बघायचा. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांची करामत होती.

माझी पद्धत सांगतो. ॲनिमोनचा घोळका कोऱ्या कागदाचाच ठेवतो, भोवती हिरवा-तपकिरी वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात. कडा काही ठिकाणी ओल्यात विरघळू देतो, काही ठिकाणी कोरड्यावर कापल्यासारख्या. सगळं वाळलं की अर्ध्याहून जास्त पांढऱ्यावर निळसर राखाडीचा अगदी पातळ हात फिरवतो. म्हणजे ती फुलं सावलीत गेली. कोरा कागद उरतो दोन-तीन जागी, तेवढ्याच उन्हात. पाकळी एकही काढलेली नसते, पण खोली येते. सगळी फुलं सारखीच पांढरी सोडली की मात्र पुन्हा ते पडद्याचं कापड.

उन्हाच्या कवडशांबद्दलही एक. ते गोल असतात, पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असो. कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते, फट सूचिछिद्राचं काम करते. खंडग्रास ग्रहणात त्याच कवडशांच्या कोरी होतात. आता बघा, जमिनीवर गोल पांढरे कवडसे आणि गोल पांढरी फुलं, लांबून वेगळी ओळखू येत नाहीत. निसर्गाने अमूर्तीकरण आधीच करून ठेवलंय, आपण कशाला पुन्हा त्यांना पाकळ्या लावून वेगळं करायचं?

तैलरंगी

कवडशांचं झकास. हे मी वापरणार, आधीच सांगून ठेवतो.

यात संध्याकाळही धरा. उजेड कमी झाला की डोळ्याची संवेदनशीलता निळ्या-हिरव्याकडे सरकते, लाल आधी काळवंडतो. पुर्किन्येचा परिणाम म्हणतात त्याला. म्हणून तिन्हीसांजेला जंगलातली लालसर फुलं विझतात आणि निळी उलट पेटल्यासारखी वाटतात. कॅमेऱ्याला हे नीट पकडता येत नाही, रंगाने पकडता येतं: लाल मुद्दाम खाली उतरवायचा, निळा एक पायरी वर चढवायचा.

चिवट

हे सगळं मान्य. पण ही झाली निरीक्षणं. कवडसे, मुंग्या, पुर्किन्ये वगैरे पाहणाऱ्याला चित्रात कुठून कळणार? त्याला ठिपकेच दिसणार. आणि इतकं निरीक्षण करायचं असेल तर सरळ फूलच काढा की! अमूर्ताचा हट्ट कशाला?

बिनरेषा

चिवट, या प्रश्नाचं एक उत्तर हिल्मा आफ क्लिंटच्या वहीत आहे.

ही स्वीडिश बाई (१८६२–१९४४) अकादमीत रीतसर शिकलेली, वनस्पतींची शास्त्रीय चित्रं काढण्यात तरबेज. १९०६ ते १९१५ मध्ये तिने 'मंदिरासाठीची चित्रं' म्हणून १९३ कामं केली, तीही अमूर्ताचे जनक मानले जाणाऱ्या कान्डिन्स्की वगैरे मंडळींच्या आधीपासून. पण मला जास्त रस आहे त्यानंतर काय केलं त्यात. १९१९ आणि १९२० च्या वसंतात आणि उन्हाळ्यात ती पुन्हा आजूबाजूच्या रानफुलांकडे वळली. ४६ पानांचा संच आहे, आता न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाकडे. एकेका पानावर फूल अगदी नेमकं, पुंकेसर मोजता येतील असं. आणि त्याच पानावर शेजारी छोटी आकृती: चौकोन, सर्पिल, वर्तुळं, दोन रंगांत दुभंगलेला चौरस. तिच्या मते ती त्या फुलाची आतली अवस्था. एखादं फूल म्हणजे एखादी मनोवृत्ती, असं ती टिपत जाते.

तिच्या अध्यात्माशी मला देणंघेणं नाही. पण रचना बघा. ती फुलाचं रूपांतर आकृतीत करत नाही. दोन्ही शेजारी ठेवते, आणि एकावरून दुसऱ्याकडे जायचं काम आपल्यावर सोडते. निरीक्षण अमूर्ताच्या विरोधात जातं हा तुमचा समज तिथे टिकत नाही. तिला फूल काढता येत नव्हतं म्हणून ती चौकोनाकडे गेली असं कोण म्हणेल?

अमेरिकन चार्ल्स बर्चफील्डचंही असंच. १९१७ साली त्याने भीती, उदासी वगैरे भावनांसाठी खुणांची स्वतःची बाराखडी तयार केली आणि मग त्या खुणा झाडांत, घरांच्या खिडक्यांत पेरल्या. किड्यांचा आवाजसुद्धा नागमोडी रेघांनी काढायचा. पूर्ण अमूर्त नाही तो, पण जंगल 'दिसणं' आणि 'वाटणं' एकाच कागदावर आणता येतं याचा चांगला दाखला.

चिवट

हिल्मा बाईंचा मुद्दा बरा आहे. तिने फूल शेजारी ठेवलं म्हणूनच आकृती वाचता येते, म्हणजे शेवटी कुबडी लागलीच. फक्त ती शब्दांची नव्हती.

बिनरेषा

कुबडी म्हणा, काय हवं ते म्हणा. मग संगीतात षड्ज लावून ठेवतात तीही कुबडीच की.

ओलाकागद

षड्ज आवडला.

पानगळ

एवढ्या चर्चेत अमेरिकन चित्रकार आल्मा थॉमस कशी नाही आली? वॉशिंग्टनमधल्या शाळेत पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली, १९६० मध्ये निवृत्त झाली आणि तिचं खरं काम त्यानंतरचं. १९७२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात एकल प्रदर्शन, तिथे तसं होणारी पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री. १९७६ चं तिचं मोठं तीन तुकड्यांचं चित्र आहे, लाल अझेलिया नाचता-गाताना असं काहीसं नाव आहे. लाल छोटे तुकडे आणि मध्ये पांढरी पार्श्वभूमी. बस्स. पण ती पांढरी जागा मागे पडून राहत नाही, फटींतून पुढे येते. अझेलिया मुळात जंगलाच्या कडेचं झुडूप, आणि झुडपातून आरपार दिसणारं आभाळ मला त्या फटींत दिसतं. फांदींच्या 'अंतरांत जंगल' या मुद्द्याला इतकं चपखल उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

(चिवट काही बोलायच्या आत: हो, नाव वाचूनच कळलं की अझेलिया आहेत. नसतं कळलं तरी काहीतरी फुललंय हे कळलंच असतं.)

तैलरंगी

पानगळ, दोन शब्दांवरून थेट निबंध! असेच लिहीत जा.

आपल्याकडचं म्हणाल तर चित्रकार सय्यद हैदर रझांचं नाव घ्यायला हवं. वडील वनखात्यात, बालपण मंडल्याच्या जंगलांत. सत्तरच्या दशकातली त्यांची 'तपोवन'सारखी चित्रं बघा. फूल औषधालाही नाही, पण काळ्या-तपकिरीतून मध्येच लाल, केशरी पेटतं. जंगलाचं अमूर्त आहे ते, रानफुलांचं नाही, त्यामुळे रानजाईंच्या प्रश्नाला अर्धंच उत्तर. पुढे भूमितीकडे गेल्यावर बिंदू आणि बीज आलं, ती वेगळीच गोष्ट.

रानजाई

सगळ्यांचे आभार. या दोन-तीन दिवसांत हळूहळू एक ठरत गेलं, सांगते.

फूल की जंगल हा प्रश्न सोडला. त्याऐवजी एका चित्रात एकच नातं धरायचं. सध्या हातात आहे तो ब्लूबेलचा झुकाव. मोठा कॅनव्हास, बुंध्यांच्या जागा आधीच रिकाम्या राखून ठेवल्या आणि त्या काही झालं तरी भरायच्या नाहीत. निळ्या-जांभळ्याचे आखूड फटकारे, सगळे एकाच बाजूला ओघळणारे, चपट्या ब्रशने वरून दाबून खाली सोडलेले. सुरुवातीला रंग जाड बसतो, शेपटीकडे विरत जातो आणि टोकाला किंचित वळण राहतं. घंटा काढायची गरजच पडत नाही, ते वळण पुरतं. डाव्या खालच्या कोपऱ्यात मात्र पाच-सहा फटकारे ताठ उभे ठेवलेत. फांदी, तुमचे ते बागेतून पळालेले. त्यांनी चित्रात अशी काही खटकी आणलीय की नजर परत परत तिथेच जाते.

एक तांत्रिक प्रश्न. निळा उजळायला टायटेनियम पांढरा घातला की खडूसारखा मेलेला होतो. काय करू?

ओलाकागद

टायटेनियमची झाकण्याची ताकद फार, तो कुठल्याही निळ्याला गिळतो. झिंक पांढरा अर्धपारदर्शक असतो, रंग हळू उजळतो. पण तैलरंगात असाल तर झिंकच्या वाटेला जाऊ नका, थर ठिसूळ होऊन तडकतो. ॲक्रिलिकमध्ये बिनधास्त वापरा.

तैलरंगी

त्याहून सोपं सांगतो: पांढरा घालूच नका. खालचा थर सुकलेला पांढरा असू द्या आणि त्यावर अल्ट्रामरीन निळा पातळ पारदर्शक करून चढवा. उजेड खालून येतो, निळा शुद्ध राहतो. जांभळ्यासाठी त्यात क्विनॅक्रिडोन या लालसर रंगाचा एक थेंब. अलिझरिन क्रिमझन हा लाल टाळा, उन्हात उडतो आणि काही वर्षांनी तुमचे ब्लूबेल नुसते निळे होऊन बसतील.

फांदी

ताठ उभ्या मंडळींना कोपऱ्यातच राहू द्या, एवढीच विनंती. खऱ्या जंगलात दोघांचा संकर होतो आणि झुकाव हळूहळू नाहीसा होत जातो.

रानजाई

मग पुढचं चित्र तेच. कोपऱ्यातून ताठपणा पसरत चाललाय.

चिवट

झालं की फोटो टाका. शीर्षक लिहू नका, फुलाचं नावही नको. ज्यांनी हा धागा वाचलेला नाही अशा दोघा-चौघांना दाखवतो, काय म्हणतात ते इथेच जसंच्या तसं लिहीन. 'छत्र्या' म्हणाले तर तेही लिहीन.